नवा लॅपटॉप, जुनी विंडोज

परवा लंच टाइमला आमच्या ऑफिसमधला एक ज्युनिअर माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. हातात कोरा करकरीत लॅपटॉप. कडांवरची प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा अजून काढलेली नव्हती. (आपल्याकडे ती फिल्म आपणहून फाटेपर्यंत कोणी काढत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.) मला वाटलं, पेढे घेऊन आलाय. पण पठ्ठ्याचा चेहरा पार उतरलेला.

"मॅम, याच्यावरची विंडोज ११ काढून १० टाकता येईल का?"

"का रे? काय झालं?"

"काही सापडतच नाही हो! राइट क्लिक केलं की मेन्यू अर्धाच येतो. स्टार्टचं बटण मधोमध जाऊन बसलंय. जुन्या लॅपटॉपवर माझे हात आपोआप चालायचे. इथे प्रत्येक गोष्टीला विचार करावा लागतो."

मला आधी हसू आलं. मग आलं नाही. कारण हेच वाक्य, फक्त विंडोजचं नाव बदलून, मी २००८च्या जानेवारीत म्हटलं होतं. आणि ते म्हटल्यानंतर जे काही करून बसले, त्याची आठवण आमच्या ठाण्याच्या घरात हॉलच्या भिंतीवर आहे. फ्रेम करून लावलेली. कशी, ते सांगते. तुमच्यापैकी कोणी नव्या लॅपटॉपवर जुनी सिस्टीम टाकायच्या विचारात असेल, तर दहा मिनिटं थांबा आणि हे वाचा.

हप्त्यांवरचं प्रेम

२००७ची दिवाळी. मी जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं, ऑफिस लोअर परळला, आणि पगार असा की महिन्याच्या वीस तारखेनंतर वडापाव हेच डिनर. तरीही पाडव्याच्या मुहूर्तावर मी लॅपटॉप घेतला. एकोणचाळीस हजार, बारा हप्ते. घरात पहिल्यांदाच कोणीतरी 'मांडीवर ठेवायचा कम्प्युटर' आणला होता. आईने त्याला हळदीकुंकू वाहिलं, बाबांनी बॉक्स, थर्माकोलसकट, माळ्यावर जपून ठेवला.

लॅपटॉपवर होती विंडोज व्हिस्टा. तोवर आपल्या सगळ्यांचं आयुष्य एक्सपीवर गेलेलं. एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ला. आणि तिची धाकटी बहीण व्हिस्टा सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हातात पडली थेट ३० जानेवारी २००७ला. मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्या वेळात एक अख्खी पिढी एक्सपीवर तयार झाली. कॉलेजचं प्रोजेक्ट एक्सपीवर, सायबर कॅफेतलं चॅटिंग एक्सपीवर, एमएस-सीआयटीच्या क्लासमधला पहिला पेंटब्रश एक्सपीवर. ते हिरवं स्टार्ट बटण आणि निळं आकाश-हिरवी टेकडी असलेला वॉलपेपर डोळ्यांत इतका बसलेला, की कोणाच्याही घरचा कम्प्युटर आपलाच वाटायचा.

व्हिस्टा दिसायला मात्र एकदम झकास होती, हे मान्य केलंच पाहिजे. काचेसारख्या अर्धपारदर्शक खिडक्या, बाजूला घड्याळ, एका खिडकीतून दुसरीत जाताना सगळ्या खिडक्या पत्त्यांसारख्या तिरक्या उभ्या. पहिले आठ दिवस मी मैत्रिणींना फक्त तेच दाखवत होते.

नवव्या दिवसापासून कटकट सुरू झाली. लॅपटॉप चालू केला की मी चहा ठेवायला जायचे. चहा उकळून, गाळून, कपात ओतून आले तरी पठ्ठ्या अजून डोळे चोळतोय. काहीही इन्स्टॉल करायला घेतलं की पूर्ण स्क्रीन अंधारून यायची आणि प्रश्न विचारला जायचा: हे तूच करतेयस ना? नक्की? बाबांचा चार वर्षांचा प्रिंटर तिने ओळखच दाखवली नाही. आणि सगळ्यात मोठा लोच्या म्हणजे एक-दोन फोटोंच्या फाइल्स, प्रेझेंटेशन आणि इंटरनेट एकदम उघडलं की हार्ड डिस्कचा दिवा जो लागायचा, तो विझायचाच नाही.

क्लायंटसमोर एकदा असंच झालं. स्लाइड नंबर चारवरून पाचवर जायला एवढा वेळ लागला, की क्लायंटने तेवढ्यात दोन फोन उरकले. मीटिंगनंतर बॉस फक्त एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी प्रिंटआउट आण." झाला ना पोपट! संध्याकाळच्या लोकलमध्ये मी ठरवून टाकलं. व्हिस्टा जाणार, एक्सपी येणार.

दोष कोणाचा?

आज इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना जरा न्यायाने बोलायला हवं. माझ्या लॅपटॉपमध्ये रॅम होती १ जीबी. काचेच्या खिडक्यांसकट व्हिस्टा चालवायची तर १ जीबी ही किमान गरज होती. किमान म्हणजे पास होण्यापुरते पस्तीस मार्क! त्यात माझ्या लॅपटॉपला स्वतःची वेगळी ग्राफिक्स मेमरी नव्हती. ती याच १ जीबीतून वाटा काढून घ्यायची. वर लॅपटॉपबरोबर फुकट आलेले डझनभर ट्रायल प्रोग्रॅम सकाळी उठल्या उठल्या दारात उभे. एका खोलीत बारा जणांचं बिऱ्हाड केल्यावर दोष खोलीला द्यायचा की बिऱ्हाड करणाऱ्याला?

प्रिंटरचंही तसंच. व्हिस्टात ड्रायव्हरची मांडणी बरीच बदलली होती. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. भाषा बदलली, पण अनेक जुन्या यंत्रांचे दुभाषी नव्याने शिकलेच नाहीत. आणि तो 'नक्की ना?' विचारणारा अंधारा पडदा? तो त्रास द्यायला नव्हता. एक्सपीत आपण सगळे बिनदिक्कत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून वावरायचो, त्यामुळे व्हायरसलाही आपल्याइतकेच अधिकार मिळायचे. व्हिस्टाने दारात वॉचमन बसवला. फक्त तो वॉचमन घरच्या माणसांनाही दर वेळी वहीत सही करायला लावायचा.

२००८ साली मायक्रोसॉफ्टने एक गंमत केली. व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेल्या लोकांना बोलावून त्यांना 'मोहावी' नावाची नवी सिस्टीम दाखवली. लोक खूश! मग सांगितलं, ही व्हिस्टाच आहे. अर्थात चांगल्या मशीनवर, जाणकार माणसाने चालवून दाखवलेली. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मत आधीच कलुषित झालं होतं, हे खरं. आणि आमच्या मांडीवरची मशीन्स तेवढी चांगली नव्हती, हेही खरं.

पण तेव्हा एवढा विचार कोण करणार? जगभर लोक एक्सपीकडे परत चालले होते. एक्सपीची विक्री बंद होणार म्हणून अमेरिकेतल्या 'इन्फोवर्ल्ड'ने 'सेव्ह एक्सपी' ही सह्यांची मोहीम काढली, तिला दोन लाखांवर सह्या मिळाल्या. विक्री आधी जानेवारी २००८च्या अखेरीस थांबणार होती, ती ३० जून २००८पर्यंत वाढवली गेली. शिवाय व्हिस्टा बिझनेस किंवा अल्टिमेट घेतलेल्यांना एक्सपी प्रोफेशनलवर जायची कायदेशीर मुभाही होती. तिला नाव होतं 'डाउनग्रेड राइट्स'. पैसे नव्याचे, वापरायचं जुनं, आणि तो म्हणे तुमचा हक्क! होम आवृत्तीवाल्यांना मात्र हा हक्क नव्हता. आणि माझी अर्थातच होम.

सव्वीस जानेवारीची परेड

२६ जानेवारी २००८. शनिवार. सकाळी टीव्हीवर परेड आणि डायनिंग टेबलवर माझा लॅपटॉप. मदतीला माझा मावसभाऊ, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आमच्या खानदानाचा अधिकृत कम्प्युटर डॉक्टर.

"ताई, बॅकअप घेतलास?"

"कालच. सगळं डीव्हीडीवर." मी डीव्हीडी हवेत नाचवली. तिच्यावर मार्करने लिहिलं होतं: ऑल डेटा, २५ जाने.

हे वाक्य लक्षात ठेवा.

एक्सपीची सीडी घातली. निळी स्क्रीन आली, फाइल्स लोड झाल्या, आणि मग पांढऱ्या अक्षरांत निवेदन: या कम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क सापडली नाही. माझ्या पोटात गोळा. एकोणचाळीस हजारांतले अजून दहा हप्ते बाकी आणि हार्ड डिस्कच नाही?

डॉक्टर मात्र शांत. एक्सपी ही २००१ची बाई. नव्या पद्धतीच्या साटा हार्ड डिस्कशी बोलायचा दुभाषी तिच्या सीडीत नव्हता. तो बाहेरून द्यायचा तर सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. फ्लॉपी! लॅपटॉपला फ्लॉपीची फटच नव्हती. दुसरा उपाय म्हणजे बायॉसमध्ये जाऊन हार्ड डिस्कला थोडा वेळ जुन्या पद्धतीने वागायला सांगायचं. भावाने तो केला आणि डिस्क दिसली. टाळ्या!

स्क्रीनवर दोन भाग दिसत होते. एक मोठा, एक छोटा. छोट्यात कंपनीने व्हिस्टा परत टाकायची सोय ठेवलेली होती. त्या काळात बऱ्याच लॅपटॉपबरोबर सीडी देतच नसत. पहिल्याच दिवशी त्या छोट्या भागावरून आपण आपल्या रिकव्हरी डीव्हीडी बनवून ठेवायच्या, असं पुस्तिकेत लिहिलेलं असायचं. पुस्तिका माळ्यावर, थर्माकोलच्या बॉक्समध्ये.

"हे दोन्ही उडवू? तेवढीच जागा मिळेल," भाऊ म्हणाला.

"उडव!" मी म्हटलं.

डी दाबलं, एंटर दाबलं, एल दाबलं. तीन बटणं. टीव्हीवर विमानं तिरंगी धूर सोडत गेली.

मग ते प्रसिद्ध '३९ मिनिटं बाकी'. एक्सपी टाकताना कायम ३९च मिनिटं बाकी असायची. आईने तेवढ्यात पोहे केले. आणि अखेर ते संगीत वाजलं... म्हणजे वाजायला हवं होतं. वाजलं नाही, कारण साउंड नव्हता! टेकडी आली, पण जाडजूड, ताणलेली, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता. इंटरनेट नव्हतं, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता. आणि तो ड्रायव्हर कुठे मिळणार? इंटरनेटवर!

पुढचे दीड दिवस आम्ही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेच्या फेऱ्या मारत होतो. १ जीबीचा पेनड्राइव्ह, तासाला वीस रुपये. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसाठी फक्त व्हिस्टाचे ड्रायव्हर. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जिथे जिथे पिवळं प्रश्नचिन्ह, तिथला लांबलचक हार्डवेअर कोड वहीत उतरवायचा, त्यावरून ती चिप कोणाची हे शोधायचं आणि थेट चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर उचलायचा. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग साउंड, मग नेटवर्क. क्रम चुकला की परत पहिल्यापासून. वेबकॅम शेवटपर्यंत चालला नाही. तो तसाच, आंधळा, लॅपटॉपबरोबर निवृत्त झाला.

आणखी एक गंमत ऐका. मी मराठी कॉपी लिहिणारी बाई. पहिला मराठी मेल उघडला, तर अक्षरांच्या जागी सगळे चौकोन! व्हिस्टात देवनागरीची सोय पहिल्यापासून चालू होती. एक्सपीत ती सेटिंगमध्ये जाऊन, टिकमार्क करून, परत सीडी घालून वेगळी टाकावी लागायची. व्हिस्टा इतके दिवस हे काम न बोलता करत होती आणि मला पत्ताच नव्हता.

आणि लायसन्स? मावसभावाची सीडी त्याच्या घरच्या डेस्कटॉपबरोबर आलेली, ते लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं. एक्सपी तीस दिवसांची मुदत देते आणि रोज कोपऱ्यात फुगा दाखवून आठवण करते. शेवटी फेब्रुवारीत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून स्वतःची रीतसर एक्सपी विकत घेतली. चार हजारांच्या आसपास. वडापावचे दिवस आणखी लांबले.

पण लॅपटॉप पळायला लागला! पाऊण मिनिटात चालू. प्रिंटरने ओळख दाखवली. क्लायंटसमोर स्लाइड्स सटासट. मी ऑफिसभर मिरवले. दोघा-तिघांच्या लॅपटॉपवर एक्सपी टाकायला मावसभावाला कामाला लावलं. जुनं ते सोनं, वगैरे वगैरे.

डीव्हीडीवर काय नव्हतं

त्याच महिन्याच्या सुरुवातीला आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. नागावच्या घरी. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, सगळी चुलत, मावस, आते भावंडं जमली होती. फोटोंची जबाबदारी माझी, कारण डिजिटल कॅमेरा माझ्याकडे. २१४ फोटो काढले. घरी आल्यावर लॅपटॉपवर उतरवले आणि मेमरी कार्ड मोकळं केलं, कारण पुढच्या आठवड्यात मैत्रिणीचं केळवण होतं.

आजोबा ऑगस्टमध्ये गेले. पाऊस जोरात होता, आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली. तेराव्यासाठी फोटो हवा म्हणून बाबांनी मला बाजूला बोलावलं. "अगं, ते तुझे दिव्यांचे फोटो आहेत ना, त्यातला एक चांगला बघून मोठा करून आण. त्यात ते हसत होते."

मी ठाण्याला परत आले, ड्रॉवरमधून डीव्हीडी काढली. ऑल डेटा, २५ जाने. उघडली. डॉक्युमेंट्सचं फोल्डर. त्यात ऑफिसच्या कॉपीज, बायोडेटा, हप्त्यांचा हिशेब. फोटो नाहीत. परत पाहिलं. नाहीत.

कारण समजायला मला मावसभावाला फोन करावा लागला. एक्सपीत 'माय डॉक्युमेंट्स' उचललं की त्याच्या पोटात 'माय पिक्चर्स' आपोआप यायचं. एक डबा दुसऱ्या डब्यात. व्हिस्टाने ते दोन डबे वेगळे करून शेजारी-शेजारी ठेवले होते. डॉक्युमेंट्स वेगळं, पिक्चर्स वेगळं. मी २५ जानेवारीच्या रात्री, झोपेत, एक्सपीच्या सवयीने एकच डबा उचलला आणि वर लिहिलं 'ऑल'. हात आपोआप चालले होते ना!

सहा महिने मी त्या फोटोंकडे पाहिलं का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं. 'आहेत की डीव्हीडीवर, बघू निवांत.' निवांत वेळ काही मिळाला नाही, एवढंच.

भाऊ रात्री आला. डिलीट झालेले फोटो शोधणारा एक प्रोग्रॅम त्याने लावला. फॉरमॅट झाल्यावरही हार्ड डिस्कवर जुनं लिखाण शिल्लक असतं. फक्त अनुक्रमणिका पुसलेली असते. पण त्यावर नवं काही लिहिलं गेलं, की तेवढं कायमचं जातं. म्हणून फाइल गेली हे कळताच त्या डिस्कवर काहीही करू नये, मशीन बंद करावं. आमच्या डिस्कवर मी सहा महिने गाणी, सिनेमे आणि प्रेझेंटेशन्स भरत होते.

पहाटेपर्यंत त्र्याहत्तर फाइल्स सापडल्या. नावं नाहीत, नुसते आकडे. काहींत मांडव होता, काहींत चपलांचा ढीग, जेवणाच्या पंगती. आजोबांचे सापडले अकरा. त्यातल्या नऊ फोटोंत कपाळापर्यंत चित्र आणि खाली नुसता राखाडी पट्टा. एकात ते पाठमोरे. एकात दिव्यांच्या ताटाआड चेहरा.

मी बाबांना फोन करून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "असू दे. मशीन आहे." मशीन नव्हतं हो बाबा, मी होते. पण ते फोनवर बोलता आलं नाही.

फोटो शेवटी आला तो आत्याकडून. तिच्याकडे रोलचा कॅमेरा होता. आम्ही सगळे समारंभात तिला हसत होतो, 'अगं आत्या, छत्तीस फोटोंत काय होणार?' तिने रोल धुऊन, प्रिंट्स काढून, निगेटिव्हसकट अल्बममध्ये ठेवलेले होते. त्यातल्या एकात आजोबा खुर्चीत बसलेत, किंचित बाजूला बघतायत, आणि हसतायत. फोकस जरा हललेला आहे. तोच आमच्या भिंतीवर आहे.

मागे फिरायचंच असेल तर...

एवढं सगळं मी ज्युनिअरला सांगितलं नाही. लंच टाइम अर्ध्या तासाचा असतो. त्याला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. नावं बदलली, गोष्ट तीच आहे.

१. आधी रोग ओळखा. लॅपटॉप हळू आहे की फक्त अनोळखी आहे? हळू असेल तर रॅम वाढवता येते का बघा, नको असलेले प्रोग्रॅम काढा. मला २००८मध्ये आणखी १ जीबी रॅम दीड हजाराच्या आत मिळाली असती आणि दहा मिनिटांत बसली असती! हे मावसभावाने मला नंतर सांगितलं. फक्त अनोळखी असेल, तर पंधरा दिवस द्या. विंडोज ११चं स्टार्ट बटण सेटिंगमधून डावीकडे नेता येतं.

२. जुन्याचं आयुष्य किती उरलंय ते बघा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. म्हणजे नव्याने सापडलेली भोकं बुजवणं बंद. तरीही ती कुठे कुठे चालूच होती. एटीएमवरच्या असल्या जुन्या सिस्टीम बदला, असं रिझर्व्ह बँकेला २०१८ साली बँकांना मुदत घालून सांगावं लागलं. विंडोज १०चा नियमित मोफत सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वर्षभराची वेगळी सोय जाहीर झाली, पण तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आज नव्या मशीनवर १० टाकणं म्हणजे पागडीच्या जुन्या घरात नवं फर्निचर नेणं. घर खाली कधी करायला लावतील, ते आधी विचारून घ्या.

३. लायसन्स तपासा. प्रोफेशनल आवृत्तीला मागे जायची मुभा असते, होमला नसते. ही तऱ्हा व्हिस्टापासून चालत आलेली आहे.

४. परतीचं तिकीट काढा. नवी सिस्टीम परत टाकता येईल असा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधी बनवा. डिस्क एन्क्रिप्टेड असेल, तर तिची रिकव्हरी की लिहून ठेवा. कागदावर, लॅपटॉपमध्ये नाही!

५. ड्रायव्हर आधी गोळा करा, विशेषतः नेटवर्कचा आणि स्टोरेजचा. गंमत म्हणजे, गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज १० टाकायला गेलं की तेच निवेदन येतं: डिस्क सापडत नाही. फक्त आता फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह चालतो.

६. आणि बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. लेबल वाचू नका, फोटो उघडा. आता तर डबे आणखी फसवे झालेत. फोल्डरमध्ये फाइल दिसते, पण ती खरी क्लाउडवर असते. आणि आताच्या एसएसडीवर एकदा फॉरमॅट झालं की अकरा फोटोसुद्धा परत येण्याची आशा जवळपास नसते. राखाडी पट्टाही नाही.

ज्युनिअरने सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "तुझे फोटो कुठे आहेत रे?"

"पिक्चर्समध्ये, मॅम. सगळे."

"उघड."

त्याने उघडलं. सात स्क्रीनशॉट होते आणि एक कुठल्याशा बिलाचा फोटो. तो बघत राहिला. "मग... जुन्या लॅपटॉपवर असतील."

"तो कुठे आहे?"

"एक्स्चेंजमध्ये देणार आहे. उद्या माणूस येणारे घ्यायला."

त्या दिवशी तो साडेपाचलाच घरी गेला. मी सुट्टी मांडली नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा हातात नवीन हार्ड डिस्क होती, विंडोज ११ तशीच होती, आणि स्टार्टचं बटण डावीकडे गेलेलं होतं.